घरी बांधलेल्या विमानात बॅटरी उतरत असल्याची सूचना देणारा बझर : रचना कशी करावी?

गगनभरारी :

नमस्कार मंडळी.

शिकागोच्या पश्चिमेला एका छोट्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये आरव्ही-९ए (किटमधून स्वतः बांधायचं छोटं विमान) बांधतोय. शेजारी-शेजारी दोन सीट, लायकॉमिंग ओ-३२० इंजिन, सरकती कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण). धातूकाम उरकलं, आता वायरिंगला हात घातलाय. विमान 'एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट' गटात नोंदवणार. या गटात निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं, आणि त्याचा मोठा फायदा असा की स्वतः आखलेलं सर्किटही विमानात बसवता येतं.

बॅटरी ओडिसी पीसी६८०, साधारण १६ अँपिअर-तासांची. वजन ७ किलो. वजनाच्या मानाने उत्तम, पण साठा बेताचाच. मास्टर स्विच चालू राहिला तर नुसत्या मास्टर कॉन्टॅक्टरची (बॅटरी विमानाच्या वायरिंगला जोडणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइलच पाऊण ते एक अँपिअर खाते. बाकी सगळं बंद असलं तरी वीसेक तासांत बॅटरी तळाला. रेडिओ, ट्रान्सपॉन्डर आणि दोन्ही स्क्रीन चालू राहिले तर चार तासही नकोत.

यातली खरी अडचण पुढची आहे. कॉन्टॅक्टर ओढला जातो तो त्याच बॅटरीच्या जोरावर. बॅटरी पुरती बसली की मास्टर दाबूनही कॉन्टॅक्टर लागत नाही, आणि बाहेरून बसला (सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीला) दिलेला करंट बॅटरीपर्यंत पोचतच नाही. मग काउल (इंजिनावरचं आवरण) उघडून थेट बॅटरीवर चार्जर लावायचा. इलिनॉयच्या जानेवारीत तर उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल इतकं पातळ झालेलं असतं की उणे दहा सेल्सियसच्या आसपास ते गोठू शकतं. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही तग धरते.

माझा बेत साधा आहे. एक कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप), एक पिएझो बझर. बसचा व्होल्टेज १२.२ च्या खाली गेला की आवाज. एवढं पुरेल का? सर्किट, बझरची जागा, काय टाळावं, सगळ्यावर मतं हवी आहेत.

डॅलसकर :

अभिनंदन! धातूकाम संपवून वायरिंगपर्यंत पोचणं ही मोठी मजल आहे.

मी आरव्ही-७ उडवतो. १२.२ चा आकडा मला पटत नाही. तुम्ही दोन वेगळ्या आजारांवर एकच औषध शोधताय.

पहिला आजार जमिनीवरचा. इंजिन बंद, मास्टर चालू, पायलट घरी. भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ येईपर्यंत निम्मी संपलेली असते. तोवर तुम्ही धावपट्टीपासून तासभर लांब गेलेले असाल. बझर रिकाम्या हँगरमध्ये वाजेल, आणि वाजताना उरलेली बॅटरीही थोडी खाईल.

दुसरा आजार हवेतला. अल्टरनेटर गेला. तो इंजिनावर फिरून वीज देत असताना बसवर १३.८ ते १४.४ असतात. तो गेला की काही क्षणांत १२.६ च्या आसपास घसरतात, आणि बातमी त्याच क्षणी हवी. १२.२ ची वाट पाहिली तर अर्धा साठा खर्चून तुम्हाला कळलं. हवेतला उंबरठा १३.० च ठेवा. १३ च्या खाली बस याचा सरळ अर्थ, अल्टरनेटर काम करत नाही.

जमिनीवर मात्र व्होल्टेज बघूच नका. तिथे प्रश्न एकच : इंजिन बंद असताना मास्टर चालू आहे का?

मैत्रेयी_उडते :

मी बारामतीत सीपीएलचं (व्यावसायिक पायलट परवान्याचं) ट्रेनिंग घेतेय, सेस्ना १७२ वर. आमच्या पॅनेलवर 'लो व्होल्ट्स'चा लाल दिवा आहे, तो २४.५ व्होल्टला लागतो (आमची सिस्टिम २८ व्होल्टची). बझर नाही. शटडाउनच्या चेकलिस्टमध्ये मास्टर ऑफ असतंच, आणि इन्स्ट्रक्टर सर उतरल्यावर बीकन (विमानावरचा लुकलुकणारा लाल दिवा) बंद झालाय का ते मागे वळून बघायला लावतात.

शंका अशी : नवीन ईएफआयएस (उड्डाणाची माहिती दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) स्क्रीन स्वतःच कमी व्होल्टेजची सूचना हेडसेटमध्ये देतात ना? मग वेगळा बझर का?

डॅलसकर :

मैत्रेयी, हवेतल्या भागापुरतं तुझं बरोबर आहे, माझा ईएफआयएसही बोलतो. पण उतरल्यावर आपण आधी अ‍ॅव्हिऑनिक्स (रेडिओ आणि स्क्रीनचा) स्विच बंद करतो, म्हणजे ईएफआयएस मुका झाला. हेडसेट काढून सीटवर ठेवला. मास्टर राहतो तो नेमका यानंतर, कोणी बोलायला आलं, प्रवाशाला उतरवायचं होतं, इंधनवाला हाक मारत होता, अशा वेळी. त्या मिनिटाला कान असणारं काहीतरी वेगळं लागतं.

आणि तुमच्या सरांची बीकनची सवय सोन्यासारखी आहे. गगनभरारी, बीकनचा स्विच कायम चालूच ठेवा. मास्टर लागला की बीकन लागलाच पाहिजे. लाल दिवा हँगरच्या दारातून दिसतो.

सोल्डरवाला :

पुण्यात ऑटोमोटिव्ह इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. विमानातलं कळत नाही, पण १२ व्होल्टच्या घाणेरड्या सप्लायवर सर्किट जगवणं हे रोजचं काम आहे.

कम्पॅरेटरनेच करायचं तर एलएम३९३ ही कम्पॅरेटर चिप आणि संदर्भ व्होल्टेजला टीएल४३१, म्हणजे २.४९५ व्होल्ट. वर ४२ किलोओहम, खाली १० किलोओहम असा विभाजक घेतला की उंबरठा १३.० ला येतो. हिस्टरेसिस द्याच. १३.० ला लागला तर १३.३ ला सुटला पाहिजे, नाहीतर सीमेवर चिवचिवाट करत बसेल. ट्रिमपॉट फक्त टेबलावर जुळवणीपुरता. विमानात एक टक्क्याचे पक्के रेझिस्टर. कंपनाने ट्रिमपॉट सरकतो आणि सरकलेला कळत नाही.

स्टार्टर मारताना बस ८-९ व्होल्टपर्यंत आपटते, म्हणून काही सेकंदांचा विलंब हवा. इथे बरेच जण एक मेगओहम आणि १० मायक्रोफॅरड लावून मोकळे होतात. कागदावर दहा सेकंद येतात. प्रत्यक्षात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती आणि एलएम३९३ चा इनपुट करंट एक मेगओहमवर जाणवण्याइतके असतात. उन्हात तापलेल्या पॅनेलमागे हेच दहा सेकंद भलतेच काहीतरी होतात. विलंब हवा असेल तर सरळ छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला संगणक) घ्या. एटीटाइनी८५ आठ पायांचा आहे, भरपूर झाला. फक्त त्याच्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भावर विसंबू नका, तो चिपगणिक १.० ते १.२ मध्ये कुठेही असतो. संदर्भ टीएल४३१ चाच बाहेरून द्या. विभाजक ८२ आणि १२ किलोओहम. पूर्ण पट्टा साडेएकोणीस व्होल्ट, एक पायरी १९ मिलिव्होल्ट. आपल्याला यापेक्षा बारीक काही नको. एडीसीच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) पायावर १०० नॅनोफॅरड विसरू नका.

सप्लायच्या तोंडाशी मालिकेत एक डायोड, मग टीव्हीएस (जादा व्होल्टेज गिळणारा भाग), मग ५ व्होल्टचा रेग्युलेटर. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची वायर सुटली तर जो झटका येतो तो टीव्हीएसने गिळायचा आहे. फ्यूज एक अँपिअरचा, थेट बसवर.

आणि हे सगळं कॉन्टॅक्टरच्या पुढच्या बाजूला, मेन बसवर. बॅटरीला थेट जोडलं तर राखणदारच रोज थोडं-थोडं खात राहील.

ओझरकर :

ओझरच्या एचएएलमध्ये लढाऊ विमानांच्या विद्युत विभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. धागा आवडीने वाचतोय. तरुण मंडळी एवढ्या बारकाईने विचार करताना पाहून बरं वाटतं.

इंजिन चालू आहे की नाही हे सांगायला तेलाचा दाब सर्वांत प्रामाणिक. एक प्रेशर स्विच घ्यावा, १५ पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आसपास पलटणारा. लायकॉमिंगचं इंजिन गरम असताना आयडललाही किमान २५ पीएसआय देतं, त्यामुळे चालू इंजिनात तो चुकून पलटणार नाही. पण स्विच इंजिनवर पितळी निपलने टांगू नका. इंजिनाच्या कंपनाने पितळ थकतं आणि तडा जातो, मग तेल बाहेर. बझरसाठी इंजिन घालवायचं नसतं. स्विच फायरवॉलवरच्या मॅनिफोल्डवर बसवा, इंजिनपासून तिथवर लवचीक होज, आणि होजच्या इंजिनाकडच्या टोकाला बारीक छिद्राचं रिस्ट्रिक्टर फिटिंग. होज फाटली तरी तेल धारेने जाणार नाही.

आता मुख्य मुद्दा. वायर तुटली तर यंत्र काय करेल, हे आधी ठरवा आणि मग स्विच निवडा. नेहमीच्या जोडणीत दाब नसताना बंद असणारा संपर्क बझरच्या मालिकेत घालतात. सोपं आहे, भागही कमी. पण ती वायर तुटली की बझर कायमचा गप्प, आणि गप्प बझर म्हणजे सगळं ठीक असंच आपण धरून चालतो.

उलट करा. दाब आल्यावर अर्थला (विमानाच्या बॉडीला) लागणारा संपर्क घ्या, आणि मायक्रोकंट्रोलरच्या पायावर पुल-अप (एरवी पायाला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) द्या. वायर तुटली तर यंत्राला वाटेल दाब नाही. चालत्या इंजिनात बझर बोंब मारेल आणि तुम्हाला बिघाड लगेच समजेल. वायर घासून बॉडीला टेकली तर? तर मास्टर लावताक्षणी, स्टार्टरला हात लावण्याआधीच, यंत्राला दाब दिसेल. त्या वेळी दाब असणं शक्यच नाही. तेव्हा एक लांब बीप देऊन दोष सांगा. बिघाड लपता कामा नये, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

चारकोपवाला :

ओझरकर काका, शेवटचं वाक्य लिहून ठेवतोय.

आमच्या भागात, चारकोपला, कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईत मांडलं होतं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंद झाली. बघायला गर्दी लोटली ती विमानाचा आकार बघायला. आत किती वायर, किती स्विच असतील आणि प्रत्येकाच्या मागे असा किती विचार असेल, हे असे धागे वाचल्यावर कळतं. लिहीत राहा.

बॅटरीबाबा :

चाकणला ईव्ही बॅटरीवर काम करतो. एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी बोललं नाही.

वर दिलेले सगळे आकडे लेड-अ‍ॅसिडचे आहेत. बरेच बांधकाम करणारे वजन वाचवायला लिथियम आयर्न फॉस्फेट घेतात. ती बॅटरी भरलेली, स्वस्थ असताना १३.३ च्या जवळ असते, आणि तिचा उतार जवळपास सपाट आहे. साठ्याचा मोठा हिस्सा संपेपर्यंत ती हलक्या भाराखाली १३ च्या अल्याडपल्याडच रेंगाळते, मग एकदम कोसळते, आणि आतली बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) सगळं तोडून टाकते.

म्हणजे अल्टरनेटर गेला आणि बसवर लिथियम असेल, तर १३.० चा उंबरठा बराच वेळ काहीच बोलणार नाही. जो दिवा पहिल्या मिनिटाला लागायला हवा तो अर्ध्या साठ्यानंतर लागेल. लिथियमला उंबरठा १३.५ च्या आसपास न्यावा लागतो, तोही अल्टरनेटर १४ च्या वर नीट धरून आहे याची खात्री करून.

म्हणून सोल्डरवाल्यांच्या सर्किटमध्ये बोर्डावर एक जंपर ठेवा : लेड की लिथियम. उद्या बॅटरी बदलली, किंवा विमान विकलं आणि पुढच्या मालकाने बदलली, तरी सूचना खरी राहील. आणि जंपर कुठल्या बाजूला काय, ते बोर्डावरच छापा. विमानाच्या लॉगबुकातही लिहा.

आणखी एक. पीसी६८० वर कागदी १६ अँपिअर-तास आहेत. थंडीत, जुनी झाल्यावर, आणि जास्त करंट ओढताना ते मिळत नाहीत. दरवर्षी ठरावीक भार लावून ती १०.५ व्होल्टपर्यंत किती वेळ टिकते ते मोजा. ८० टक्क्यांच्या खाली आली की बदला. बझर तुम्हाला बॅटरी उतरायला लागली हे सांगेल. किती वेळ हातात आहे, हे या चाचणीतूनच कळतं.

वाचनमात्र :

अप्रतिम धागा. वाचनखूण साठवली आहे.

गगनभरारी :

सर्वांचे मनापासून आभार. १२.२ चा बेत मोडीत काढलाय. लिथियमच्या सपाट उताराचा मुद्दा मला कुठल्याच सर्किटच्या वर्णनात सापडला नव्हता.

आता तर्क असा बांधतोय. मास्टर लागला की एक छोटी चिव, म्हणजे बझर जिवंत आहे हे रोज ऐकू येईल. त्यानंतर दाब नसेल तर पाच मिनिटं शांत. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत फ्लॅप, दिवे, इंधनाचे गेज बघायला एवढा वेळ लागतोच, आणि त्यात बझर ओरडत राहिला तर मी त्याला गप्प करणारा स्विच लावेन आणि तो स्विच एक दिवस तसाच राहील. पाच मिनिटांनंतर मात्र तुटक बीप. ही वेळ त्या प्रसंगासाठी आहे, जेव्हा इंजिन चालू न करताच माणूस दिवे तपासून निघून जातो.

इंजिन एकदा चालून मग दाब गेला तर अर्धा मिनिट. मिक्श्चर (इंधनाचं प्रमाण ठरवणारी कळ) ओढून इंजिन थांबलं, मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) बंद, मास्टर बंद, हे तेवढ्यात आरामात होतं. झालं नाही तर बीप, आणि कॅनोपी उघडण्याआधी.

दाब आहे आणि बस उंबरठ्याच्या खाली गेली तर दिवा लगेच, आवाज दहा सेकंदांनी. टॅक्सी करताना लँडिंग लाइट लावून आयडलला असलो तर अल्टरनेटर थोडा मागे पडतो, तेव्हा उगाच आवाज नको. बटण दाबलं की आवाज थांबेल, दिवा व्होल्टेज सुधारेपर्यंत तसाच. दोन्ही सूचनांचे सूर वेगळे.

जमिनीवरच्या सूचनेला गप्प करणारं बटण देणारच नाही. ती थांबवायची एकच रीत, मास्टर बंद.

डॅलसकर :

शेवटचा निर्णय फार आवडला.

आता आवाजाबद्दल. हवेतली सूचना उघड्या बझरवर सोडू नका. कॉकपिटमध्ये इंजिनाचा आणि वाऱ्याचा गोंगाट, त्यावर हेडसेटच्या गाद्या. बाजारातले बहुतेक पिएझो तीन किलोहर्ट्झच्या आसपास वाजतात, आणि नेमक्या या वरच्या पट्टीला गाद्या चांगल्या अडवतात. शिवाय वयाबरोबर कान वरच्याच पट्टीत आधी कमी होतात. तेव्हा हवेतला सूर एक किलोहर्ट्झच्या जवळ ठेवा आणि इंटरकॉमच्या अनस्विच्ड (कायम चालू असणाऱ्या) इनपुटमधून थेट कानात द्या. दिवा पॅनेलच्या वरच्या कडेला, नजरेच्या रेषेत. उन्हात मिचमिचणारा दिसतो, स्थिर दिसत नाही.

जमिनीवरचा बझर मात्र उघडाच हवा, पण पॅनेलखाली नको. तिथे तो इन्सुलेशन आणि वायरींच्या गुंत्यात दबतो. आमच्या हँगरमधल्या एकाने सामानाच्या कप्प्यामागच्या पत्र्यावर बसवलाय. मागचं अख्खं धड घुमतं आणि कॅनोपी बंद असतानाही विमानाच्या चहूबाजूंनी ऐकू येतं.

मैत्रेयी_उडते :

एक विचारू? हवेत सूचना वाजली, अल्टरनेटर खरंच गेला. पुढचं काय? आमच्या १७२ ला दोन्ही मॅग्नेटो आहेत, वीज संपली तरी इंजिन चालतं. तुमच्याकडेही तसंच का?

गगनभरारी :

छान प्रश्न. एका बाजूला मॅग्नेटो आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक इग्निशन ठेवतोय. बॅटरी पूर्ण गेली तरी मॅग्नेटोवर इंजिन चालेल. दोन्ही बाजूंना बॅटरीवर चालणारं इग्निशन लावलं असतं, तर हीच सूचना जीवनमरणाची झाली असती. तेव्हा दुसरी बॅटरी किंवा दुसरा अल्टरनेटर हवाच.

सूचना वाजल्यावर अल्टरनेटरचं फील्ड (त्याच्या चुंबकाला जाणारा करंट) एकदा बंद-चालू करून बघायचं. आला तर ठीक. नाही आला तर लँडिंग लाइट, पिटो हीट (वेगमापकाच्या नळीचा हीटर), दुसरी स्क्रीन बंद, भार चारेक अँपिअरवर आणायचा, आणि जवळची धावपट्टी गाठायची. बॅटरीबाबांनी सांगितलेली चाचणी केली की हातातली मिनिटं पॅनेलवर चिकटवून ठेवीन.

ओझरकर :

मिनिटं लिहिताना थंडीची लिहा. तुमच्याकडे उणे अठरापर्यंत जातं ना? तिथे लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या आसपासच देते.

आणि बोर्ड बसवण्याआधी टेबलावर बदलता सप्लाय घेऊन बारा-साडेचौदाच्या मध्ये हळूहळू वर-खाली करा, उंबरठे वहीत टिपा. मग बोर्ड हेअर ड्रायरने तापवून पुन्हा, फ्रीजरमधून काढून पुन्हा. तेलाच्या स्विचची वायर काढून, आणि अर्थला टेकवून. बसवल्यावर हीच परीक्षा विमानात करा, वार्षिक तपासणीच्या यादीत घाला. प्रत्येक वेळी बझरने काय केलं ते तारखेसह लिहा.

गगनभरारी :

होय काका, तसंच करतो. सोल्डरवाला, शेवटचं एक : इंटरकॉमला एटीटाइनीचा ५ व्होल्टचा चौरस तरंग सरळ दिला तर कान फुटेल. पातळी कशी कमी करू?

सोल्डरवाला :

आधी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत, म्हणजे डीसी अडेल. त्यानंतर १० किलोओहमचा पॉट, एक टोक कपॅसिटरला, दुसरं ऑडिओ ग्राउंडला, मधला पाय इंटरकॉमला. पॉट पूर्ण खाली ठेवून सुरुवात करा. इंजिन चालू करून, हेडसेट घालून, रेडिओवरच्या बोलण्याच्या थोडा वर ऐकू येईल इतका चढवा. मग पॉट काढा, दोन्ही बाजू मल्टिमीटरने मोजा आणि जवळच्या किमतीचे दोन पक्के रेझिस्टर डाग देऊन बसवा. ग्राउंड मात्र इंटरकॉमच्या ऑडिओ ग्राउंडलाच न्या, विमानाच्या पत्र्याला नको, नाहीतर अल्टरनेटरची शिट्टी कायम कानात राहील.

बोर्डाचा आराखडा काढून झाला की इथे टाका, कोणताही सुट्टा भाग मागवण्याआधी एकदा नजर फिरवतो.